सुमित्रा रोडलाइन्स

मल्लेश्वरमच्या आमच्या घरात संगणक ठेवायला एकच जागा होती, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत. प्लग तिथेच होता म्हणून. त्यामुळे मी सोळा-सतराव्या वर्षापर्यंत जे जे खेळ खेळले त्या सगळ्यांना माझ्या आठवणीत फोडणीचा वास आहे. मी कुठल्यातरी वाळवंटात शत्रूच्या मागे धावत असायची आणि कानावर कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, खाली गल्लीत फुलवालीची आरोळी, आणि आईचं “रेवा, तो डबा दे गं वरचा” हे सगळं एकदम यायचं. डबा देऊन परत येईपर्यंत मी मेलेली असायची. आमचं घराणं तंजावरकडून बेंगळुरात आलं की साताऱ्याकडून थेट, यावर माझ्या दोन चुलत आजोबांचं कधी एकमत झालं नाही. पण आलं ते फार पूर्वी, आणि तेव्हापासून आमच्या मराठीत कन्नड मुरत गेलं होतं. मीठ ‘स्वल्प’ घालायचं, रिक्षावाल्याला ‘ठीक’ऐवजी ‘सरी’ म्हणायचं, दचकलं की ‘अय्यो’. अप्पा, म्हणजे माझे वडील, पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत. सकाळी डबा घेऊन मेट्रोनं जात आणि संध्याकाळी कपड्यांना तेलाचा आणि लोखंडाचा वास घेऊन येत. आई एका शाळेच्या ऑफिसात होती. आणि मी दहावी संपवली त्या वर्षी आमच्याकडे अक्का राहायला आली.

अक्का म्हणजे अप्पांची मोठी बहीण, सुमित्रा. नात्यानं माझी आत्या, पण अप्पा अक्का म्हणत म्हणून सगळं घरच तिला अक्का म्हणे. तिच्या यजमानांचा स्वतःचा ट्रक होता, हुबळी ते बेंगळूर माल वाहायचे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं, मूलबाळ नव्हतंच, ती त्यांच्याशेजारी केबिनमध्ये बसून हिंडली होती. सिरा, हिरियूर, दावणगेरे ही गावं तिला माहेरच्या खोल्यांसारखी पाठ. यजमान गेले तेव्हा अप्पांनी तिला घरी आणलं. आली ती एक बॅग आणि एक कुकर घेऊन, आणि बोलणं जवळपास बंद. विचारलं तर उत्तर द्यायची, एका शब्दाचं. दुपारभर खिडकीशी बसून भाजी निवडायची, निवडून झालेली परत निवडायची. आई म्हणायची, “राहू दे त्यांना. वेळ लागतो.” मला ती शांतता फार जड जायची, कारण कॉलेज सकाळचं असल्यानं दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो.

एका दुपारी मी मैत्रिणीकडून मिळालेला एक खेळ लावून बघत होते. युरोपातल्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा, या शहरातला माल त्या शहरात पोचवायचा, बस. ना मारामारी, ना शर्यत. मला दहा मिनिटांत कंटाळा आला होता. चढावर माझा ट्रक गुरगुरत थांबला आणि मागून आवाज आला, “गिअर चुकला.” मी वळून बघितलं तर अक्का, हातात घेवड्याची शेंग. म्हणाली, “चढाला आधीच खाली आणायचा. असं मध्येच आणलास तर बंदच पडणार ना ते.” महिन्याभरात तिनं एका दमात बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. मी उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती “मला काय येतं” असं काहीतरी पुटपुटली, पण बसली. हात पदराला पुसून बसली.

नंतरचं वर्ष कसं गेलं ते सांगायला बसले तर हसूच येतं. कीबोर्डवर तिचं जमेना, म्हणून अप्पांनी कुणाकडून तरी एक जुनं, कडं तुटलेलं खेळण्याचं स्टिअरिंग मिळवलं आणि पीण्याला जेवणाच्या सुट्टीत बसून त्याला ॲल्युमिनियमचं नवं कडं तयार केलं. पायाखालची पॅडल्स मूळची प्लास्टिकची होती. ती काढून पोलादी पट्टीची, जाड स्प्रिंगवाली बसवली. “खऱ्या ट्रकचा क्लच जड असतो, अक्काला हलका आवडणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. खेळात स्वतःची कंपनी काढता येई. नाव काय ठेवायचं विचारलं तर अक्का लाजली. यजमानांच्या ट्रकवर त्यांच्या आईचं नाव होतं. बराच वेळ विचार करून म्हणाली, “माझंच लिही. सुमित्रा रोडलाइन्स.” बघता बघता त्या कंपनीचे चाळीस ट्रक झाले. पगारी ड्रायव्हर ठेवता येत, त्यांची खेळानं दिलेली परदेशी नावं तिला उच्चारता येत नसत. तिनं त्यांना मंजुनाथ, बसप्पा, लंबू अशी आपली नावं दिली. जेवताना ती अप्पांना सांगायची, “आज ब्रेमेनला टोमॅटो पोचवले. वाटेत पाऊस काय पडला!” आणि अप्पा तितक्याच गंभीरपणे विचारायचे, “ताडपत्री होती ना?” नॉर्वेतला एक घाट तिला थेट आगुंबेसारखा वाटायचा. समोरचा गाडीवाला आडवा आला की ती कन्नडमध्ये त्याच्या सात पिढ्या काढायची, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अक्का, खिडकी उघडी आहे हो.” आज माझं वय अक्काच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरंच पुढे गेलंय. त्यामुळे मला आता जास्त कळतं, की ज्या बाईनं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर काढलं तिला ते कडं हातात आल्यावर काय वाटत असेल.

माझा स्वतःचा खेळ वेगळा होता. आम्ही कॉलेजच्या चौघीजणी इंटरनेटवरून एका संघात खेळायचो. संध्याकाळी सहा ते सात हा माझा तास, आणि त्या तासात अक्का स्टिअरिंग उचलून बाजूला ठेवायची. आम्ही चांगल्या खेळायचो. खरोखर चांगल्या. इतर कॉलेजांच्या मुलांचे संघ आमचं नाव बघून आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. तो तास संपला तरी कितीतरी वेळ माझे हात गरम असायचे.

आणि मग एके दिवशी पडद्यावर सूचना आली. आताच्या मुलांना हे समजावताना दमछाक होते, की तेव्हा संगणकाच्या मुळाशी एक ऑपरेटिंग सिस्टिम असायची आणि ती काही वर्षांनी म्हातारी ठरवली जायची. सूचनेत लिहिलं होतं की आमची सिस्टिम आता बंद होणार, तिला सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही. नवी सिस्टिम घ्या. आणि खाली बारीक अक्षरांत, तुमचा संगणक नव्या सिस्टिमला चालण्यासारखा नाही. आईनं ते तीनदा वाचलं. विजेचं बिल, बँकेची कामं, सगळं ती त्याच्यावरच करायची. म्हणाली, “असुरक्षित म्हणजे असुरक्षित. हे असं घरात ठेवायचं नाही. काय ते करा.” नवा संगणक घेण्याची गोष्ट कुणी काढली नाही, कारण ती काढण्यासारखी नव्हतीच.

मी पवित्राला विचारलं. पवित्रा माझी वर्गमैत्रीण, यशवंतपूरला राहायची, आणि ज्या गोष्टी आम्ही सगळ्या वापरायचो त्या ती उघडून बघायची. तिनं दोन वाटा सांगितल्या. एक, युक्ती करून नवीच सिस्टिम जुन्या संगणकात घुसवायची. हळू चालेल, पण चालेल. दुसरी, लोकांनी मिळून बनवलेली एक फुकट सिस्टिम घालायची, जी जुन्या यंत्रांवर हलकी चालते. “पण खेळ?” मी विचारलं. ती म्हणाली, “दोन्हींत सगळे चालणार नाहीत. आधी तुझ्या अक्कांचं स्टिअरिंग घेऊन ये.”

अप्पा आणि मी रविवारी स्टिअरिंग आणि पॅडल्स टॉवेलात गुंडाळून रिक्षानं तिच्याकडे गेलो. तिच्या वडिलांच्या संगणकावर नवी सिस्टिम होती. स्टिअरिंग लावलं, काही नाही. ते बनवणाऱ्यांनी केव्हाच त्याच्याकडे पाठ फिरवली होती, नव्या सिस्टिमला ते ओळखताच येईना. अप्पांनी वायर काढून फुंकर मारली, परत लावली. नाही. मग पवित्रानं आपला जुना लॅपटॉप पुढे केला. त्यात ती फुकटची सिस्टिम होती. वायर लावल्याबरोबर स्टिअरिंग आपणहून डावीकडे पूर्ण वळलं, उजवीकडे पूर्ण वळलं, आणि मध्ये येऊन थांबलं. अप्पा चक्क टाळी वाजवून हसले. पवित्रा मात्र माझ्याकडे बघत होती. अप्पांसमोर नाही, ते जिना उतरून पुढे गेल्यावर म्हणाली, “तुमचा संघाचा खेळ यावर चालणार नाही हं, रेवती. त्यात खेळातली लबाडी पकडणारा जो पहारेकरी आहे ना, तो ही सिस्टिम बघितली की दारच लावून घेतो. माझा प्रयत्न करून झालाय.”

म्हणजे एका वाटेवर माझा खेळ जगणार होता आणि दुसऱ्या वाटेवर अक्काचा. डिस्क इतकी लहान होती की दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी मावणार नव्हत्या. ठरवायला मला दोन दिवस लागले. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी माझ्याच खेळाच्या बाजूनं होते. अक्काला काय, ती कीबोर्डवर शिकेल, असं मनाशी म्हणून बघितलं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी ती हार्मबुर्ग की हॅम्बर्ग असल्या कुठल्याशा बंदरात ट्रक मागे घेत होती, मान वळवून, जीभ दातात धरून, एका फटक्यात लावला आणि स्वतःशीच म्हणाली, “हां, असं.” मी पवित्राला निरोप पाठवला, शनिवारी ये, फुकटवाली घालू. संघातल्या मुलींना सांगितलं, अभ्यास वाढलाय. घरात सांगितलं, हीच सिस्टिम चांगली आहे.

अवरेकाळूचा मोसम होता, त्यामुळे शनिवारी घरात परातभर भिजवलेले पावटे होते आणि सगळ्यांनी बसून ते सोलायचे होते. चिमटीत धरून दाबला की दाणा सालीतून सुटकन उडतो. अर्धे परातीत, अर्धे कपाटाखाली. पवित्रा संगणकाशी, तिच्या वाटचे पावटे मांडीवर घेऊन, आम्ही चौघं खाली जमिनीवर. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि आई दर पाच मिनिटांनी विचारायची, “किती झालं?” कुणाला कळेना ती पावट्यांचं विचारतेय की सिस्टिमचं. अक्कानं विचारलं, “पण पुट्टी, ते ट्रकवालं या नव्याला कळणार कसं?” पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी, मी तिच्यापेक्षा उंच झाले तरी ती मला पुट्टीच म्हणे. मी सांगितलं, “खेळ जुन्या सिस्टिमची भाषा बोलतो. नवीला ती येत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवायचा. खेळ जे म्हणेल ते तो नवीला तिच्या भाषेत सांगतो.” अक्कानं एक दाणा उडवला. “मग सोप्पंय की. आपण काय करतो दिवसभर? घरात एक, दारात एक.” पवित्राला मी ते कन्नडमध्ये सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचे पावटे सांडले. संध्याकाळी त्याच दाण्यांची आमटी आणि तांदळाची अक्की रोटी झाली. पवित्रानं चार खाल्ल्या.

सगळं सुरू झालं. संगणक तर एवढा शांत झाला की आईला वाटलं बंदच पडला. जुन्या सिस्टिमवर पंखा सारखा घरघरायचा. दुभाषी बसला, खेळ उघडला, स्टिअरिंगनं मान फिरवली. आणि मग मी तो फोल्डर शोधायला गेले ज्यात अक्काची कंपनी होती.

तो मी कॉपीच केला नव्हता. फोटो घेतले होते, माझ्या वह्या, आईची बिलं, सगळं घेतलं होतं. इंटरनेटवर प्रत ठेवायची सोय होती, ती मी कधी सुरू केली नव्हती. चाळीस ट्रक, मंजुनाथ, बसप्पा, लंबू, वर्षभराच्या दुपारी. सगळं पुसलं गेलं होतं, आणि माझ्याच हातानं. पवित्रानं दोन-तीन गोष्टी करून बघितल्या आणि हळूच मान हलवली. मी अक्काला म्हटलं, “अजून थोडं काम राहिलंय.” रविवारी तेच म्हटलं. सोमवारीही. ती उठली. खिडकीशी जाऊन बसली, आणि मेथीची जुडी निवडायला घेतली. निवडून झालेली परत निवडायला लागली तेव्हा मला राहवेना.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. रडले असणार, कारण तिनं पदरानं माझं तोंड पुसल्याचं आठवतंय. पण एवढं करून ती उठली, स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, दूध तापल्याचा, कॉफीचा वास. ती पाच मिनिटं फार लांब होती. आता परत ती पूर्वीसारखी गप्प होणार, आणि या वेळी माझ्यामुळे, एवढंच डोक्यात. मग ती दोन स्टीलचे पेले घेऊन आली, एक माझ्या हातात दिला आणि संगणकाच्या खुर्चीत बसली.

“पहिल्यांदा कुठला ट्रक देतात गं? स्वतःचा की दुसऱ्याचा?”

“दुसऱ्याचा,” मी म्हटलं. “पण अक्का, तुझे चाळीस...”

“अगं चाळीस झाल्यापासून मी चालवत कुठे होते? त्या लंबूला कुठे पाठवू, बसप्पा का थांबलाय, हेच. मालकीण झाले होते. मला ट्रक चालवायचाय.” कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, “लाव. नाव तेच घाल.”

मी लावलं. तिनं चाक धरलं, क्लच सोडला, हलकेच पाय दाबला आणि ट्रक जागच्या जागी थांबून राहिला. समोरचा दिवा लाल झाला म्हणून सवयीनं तिनं ब्रेक दाबला तर ट्रक उसळून सिग्नल तोडून, एका छोट्या लाल गाडीला घेऊन थेट दुकानाच्या भिंतीवर. “अय्यो अय्यो अय्यो!” नव्या सिस्टिमनं पॅडल्स उलटी वाचली होती, ब्रेकचा वेग आणि वेगाचा ब्रेक. मी घाईनं बदलायला गेले, पण अक्काला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आई शाळेतून येऊन दारातच उभी राहिली, चप्पलही न काढता. तिनं आपल्या नणंदेला असं हसताना त्या घरात तरी कधी बघितलं नव्हतं.

पुढे सगळं सुरळीत झालं. अक्का परत सामान पोचवायला लागली. सहा वाजता ती सवयीनं स्टिअरिंग उचलून ठेवायची आणि मी म्हणायचे, “राहू दे, आज अभ्यास आहे.” अशा किती संध्याकाळी गेल्या कुणास ठाऊक. मी पुस्तक उघडून बसायची आणि कान मात्र घड्याळाकडे असायचे. त्या तिघींना चौथी मिळाली होती, हे मला कळलं होतं. एखादी गोष्ट आपण स्वतःहून सोडली तरी सोडल्याचं दुखतंच, हे मला त्या वयात नवीन होतं.

मग एका रविवारी सकाळी पवित्रा दारात उभी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मी बोलावलं नव्हतं. अक्का आतून म्हणाली, “ये ये. थालीपीठ तव्यावर आहे.” पवित्रानं लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवला, दोन्ही यंत्रं जोडली, आणि मला खुर्चीत बसवलं. लॅपटॉपवर तोच ट्रकचा खेळ होता. “दोघींनी मिळून चालवता येतं,” ती म्हणाली, “एकापाठोपाठ एक. अक्कांनी विचारलं होतं मला.” पडद्यावर माझ्यासमोर दुसऱ्या एका ट्रकची पाठ होती, आणि तिच्यावर रोमन अक्षरांत सुमित्रा रोडलाइन्स.

निघालो. अप्पा मधोमध वेताचा मोडा टाकून बसले, म्हणजे दोन्ही पडदे दिसतील. मी नेम धरण्यात पटाईत होते, पण एवढं मोठं धूड वळवणं मला येत नव्हतं. पहिल्याच वळणाला मी कठड्याला घासले, दुसऱ्याला रस्ता सोडून थेट खड्ड्यात गेले आणि ट्रक आडवा. अप्पांनी कपाळाला हात लावला. पुढचा ट्रक थांबला. दोन्हीकडचे दिवे लुकलुकायला लागले. अक्का पडद्यावरून नजर न हटवता बोलायला लागली, अगदी हळू, जणू रस्त्याशी बोलतेय.

“तुझा खेळ माझ्यामुळे गेला. पवित्रानं सांगितलं.”

मी लॅपटॉपवरची बटणं उगाच दाबत राहिले.

“मला विचारायचंस.”

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते.” तिनं चाकाच्या कड्यावरून अंगठा फिरवला. “मी कितीतरी वर्षं शेजारी बसून होते, पुट्टी. कुणी उठून जागा दिली नव्हती मला.” मग आवाज बदलून म्हणाली, “चल, मदत मागव, गाडी उभी कर. घाई नाही. मी थांबलेय.”

ट्रक उभा राहिला. मग ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही जाऊ लागलो. उतार आला की ती आधीच सांगायची, “आता खाली आण.” मी मागे पडले की तिचा वेग कमी व्हायचा. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि आई एकेक थालीपीठ लोण्यासकट आणून देत होती. अक्काला भरवत होती, कारण तिचे हात चाकावरून सुटत नव्हते. शेवटी एक बंदर आलं, राखाडी समुद्र आणि क्रेन. अक्कानं आपला ट्रक एका फटक्यात मागे घेऊन लावला. मी तीनदा खांबाला धडकवला. चौथ्यांदा ती उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

“डावीकडे. स्वल्प. आणखी स्वल्प. आता सोड, आपणहून येईल.”

ट्रक दोन पिवळ्या रेघांच्या मध्ये जाऊन बसला. अप्पा आणि पवित्रानं टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हाताला कोपरापर्यंत पीठ, आणि तिची नजर पडद्यावरच्या नकाशात हरवलेली होती.

“आता पुढचं सामान कुठे न्यायचंय?” तिनं विचारलं. “मला जमेल का गं?”